टीसीएल टाका, पण आधी पाणी निवळू द्या

मृगाचा पहिला पाऊस पडला की नाल्याचा गाळ आणि कुजका पालापाचोळा गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीत उतरतो. पेरणीच्या घाईत तिकडे कोणी बघत नाही. पाणी चहासारखे दिसू लागले की ग्रामपंचायतीला टीसीएल पावडरची आठवण होते. मग मापाची भानगड नाही. ओंजळ, दोन ओंजळी. घराघरांत वास सुटतो. बैठकीत मायबहिणी आम्हाला विचारतात, "हे पाणी प्यायचं की औषध?"

प्रश्न रास्त आहे. आम्ही शेतकी कॉलेजात गेलो त्याच्या कितीतरी आधी, 1974 साली, हॉलंडमधील रॉटरडॅम शहराच्या पाणीपुरवठ्यातले रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिले, की क्लोरीन टाकल्यावर पाण्यात क्लोरोफॉर्म तयार होते. कुजलेल्या पाल्याचा अर्क पाण्यात असतो, क्लोरीन त्याच्याशी संयोग पावते आणि अशी संयुगे बनतात. ती वर्षानुवर्षे पोटात गेली तर कर्करोगाचा धोका वाढत असावा, असा शास्त्रज्ञांचा संशय आहे. अमेरिकेने मोठ्या पाणीयोजनांसाठी 1979 सालीच मर्यादा घातली. आपल्या 2012 च्या मानकातही क्लोरोफॉर्मला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. कागदावर. गावाला मिळणाऱ्या तपासणी पेटीत ते मोजण्याची सोयच नाही.

म्हणून टीसीएल बंद करा, असे कोणी सांगत असेल तर त्याला ओसरीवरून उठवा. गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर वर्षानुवर्षे थांबत नाहीत. आठ-पंधरा दिवसांत घर बसवतात. जागतिक आरोग्य संघटनाही निर्जंतुकीकरणात तडजोड नको, असेच सांगते.

कपाशीवरचे औषध आपण गढूळ पाण्यात कालवत नाही. क्लोरीनचेही तेच. ते पाल्या-गाळातच खर्ची पडते, मग आणखी टाकावे लागते, जंतू राहतात आणि नको ती संयुगे वाढतात. पाणी आधी तुरटीने निवळावे, गाळावे, मग मोजून टीसीएल. अर्ध्या तासानंतर लिटरमागे निदान 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे. आणि पावडर ताजी हवी. ओलसर खोलीत तोंड उघडे पडलेल्या पोत्यात नुसता चुना उरतो, त्याचेही बिल निघतेच!

पाणीपट्टी आपण भरतो. येत्या ग्रामसभेत विचारा: टाकीतला गाळ शेवटचा कधी काढला? टीसीएल कोणत्या तारखेला आणले? प्रयोगशाळेचा अहवाल कुठे आहे? मिळतील ती उत्तरे लिहून जिल्हा बैठकीला आणा. उत्तर मिळाले नाही, तर तेही लिहून आणा.