आवळा देऊन कोहळा किती दिवस?



आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ज्याने ती पहिल्यांदा उच्चारली त्याने शेतीमालाचा बाजार फार जवळून पाहिलेला असावा. आवळा कोण देतो आणि कोहळा कुणाचा जातो, हे कापूस पिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. आज मात्र आम्हाला म्हणीतल्या नव्हे, वेलावरच्या खऱ्या कोहळ्याविषयी बोलायचे आहे.

कोहळा हा पावसाच्या पाण्यावर कुंपणाच्या आधाराने वाढणारा वेल. फळ पिकून त्यावर पांढरी भुकटी धरली की घराच्या कोपऱ्यात ते महिनोन्महिने टिकते. आपण त्याचे काय करतो? एक दारावर टांगतो, एखाद्याचे सांडगे घालतो आणि उरलेले पडेल त्या भावाने देऊन मोकळे होतो. आग्र्यात याच फळाची साल आणि बिया काढतात, फोडी करून टोचतात, चुन्याच्या निवळीत भिजवतात, स्वच्छ धुऊन उकडतात, साखरेच्या पाकात शिजवतात आणि कोरड्या करतात. झाला पेठा. तो खोक्यात बसून शेकडो कोस येतो आणि आपल्याच तालुक्याच्या गावी दुकानात विकला जातो.

यात अशी कोणती विद्या आहे जी आपल्याला येणार नाही? पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात विघ्नहर साखर कारखाना आहे, शेजारच्या आंबेगावात भीमाशंकर कारखाना आहे. साखर दारात, वेल कुंपणावर, आणि पेठा मात्र आग्र्याचा! कोहळ्यात शंभरात नव्वद भागांहून जास्त पाणीच असते. म्हणजे कोहळे बाजारात नेणारा शेतकरी भाड्याच्या टेम्पोतून पाणी वाहून नेतो आणि त्या पाण्यावर हमाली, तोलाई भरतो.

मग वाळवा, पाकात घाला, की झाले का शेतकऱ्याचे भले? इतके सोपे असते तर जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडचे आदिवासी केव्हाच श्रीमंत झाले असते. सह्याद्रीच्या या पट्ट्यात हिरड्याची झाडे आहेत. फळ कोवळे असतानाच काढून उन्हात वाळवले की काळा बाळहिरडा तयार होतो. औषधासाठी त्याला मागणी आहे, आणि मोठ्या पिकल्या हिरड्यापेक्षा त्याला भावही जास्त. झाडावर चढायचे, फळ उतरवायचे, भर उन्हाळ्यात पसरायचे, हलवायचे, वळवाचा पाऊस दिसला की धावत जाऊन गोळा करायचे. ही प्रक्रियाच आहे. माल नासत नाही, वर्षभर थांबू शकतो.

माल थांबतो, पण घर थांबत नाही. हिरडा वाळतो तेव्हा भाताचा हंगाम तोंडावर आलेला असतो. बियाणे हवे, पावसाळ्याचे मीठमिरची हवे. अशा वेळी ज्याच्या हातात रोकडा असतो, भाव तोच ठरवतो. आदिवासी विकास महामंडळाची खरेदी असावी, ती वेळेवर सुरू व्हावी, ही मागणी तिकडे पुन्हा पुन्हा होत आली ती यामुळेच. पण सरकारी खरेदीचा अनुभव आपल्यालाही आहे. 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. व्यापाऱ्यापासून सोडवते म्हणाली आणि आपलाच कापूस राज्याच्या हद्दीबाहेर नेणे हा आपला गुन्हा ठरला. एकच व्यापारी असो की एकच सरकार, गिऱ्हाईक एकच असेल तर विकणाऱ्याची मान त्याच्या हातात जाते.

तेव्हा आमचे म्हणणे असे. पदार्थ वाळवल्याने शेतकऱ्याला वेळ मिळतो. त्या वेळेचा भाव मिळायचा असेल तर थांबण्याची ऐपत आणि हवे तिथे विकण्याची मोकळीक, दोन्ही लागतात. 1991 साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम दिला, त्यात सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती अशी चार अंगे होती. माजघर शेती पुष्कळांना आवडली. पण तिच्या पाठीशी व्यापार शेती उभी नसेल तर माजघरात नुसते डबे भरून राहतात.

दुसरी गोष्ट हिशेबाची. वाळवणाचे काम कोण करते? घरातली बाई. तिचा दिवस आपण खर्चात धरतो का? 1986 साली चांदवडला लाखो बायाबापड्या जमल्या, त्यालाही आता किती वर्षे लोटली. तरीही पापड-सांडग्यांचा हिशेब करताना डाळ, तेल, मीठ धरले जाते आणि मजुरी विसरली जाते. बाईचा दिवस फुकट धरून दिसणारा नफा हा नफा नव्हे, ती घरातल्या घरात केलेली लूट आहे. पेठ्यात तर साखर आणि जळण हा रोकडीचा खर्च आहे. तोही आधी कागदावर मांडावा, मगच कढई चढवावी.

आपल्या कोरडवाहू शिवारात कोहळा नसेल, पण कापसाच्या आणि ज्वारीच्या ओळीत वाळूक आणि शेंदाड असतेच. वाळकाच्या चकत्या उन्हात घालून उन्हाळ्याची भाजी साठवणे आपल्या आज्यांना येत होते. खरबुजाच्या बियांचा मगज मिठाईवाला तोलून विकत घेतो, आपण बिया उकिरड्यावर फेकतो. सुरुवात इथून करता येईल.

2016 साली महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्यावरचे बाजार समितीचे बंधन सुटले. अन्नपदार्थ विकायला 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, ती करून घ्यावी. अनुदानाची वाट पाहत बसू नये. अनुदान आले की यंत्र येते, यंत्राबरोबर कर्ज येते आणि गिऱ्हाईक मात्र येत नाही, हे कितीतरी गावांनी पाहिले आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात. आपल्या शिवारात वाळवण्याजोगे काय वाया जाते? ते तयार करायला बाईच्या मजुरीसकट खर्च किती येतो? आणि दोन महिने माल धरून ठेवायला गावाला किती रोकड लागेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यात महत्त्वाचे. ते आपल्या वर्गणीतून उभे राहिले तर भाव आपण सांगू. नाही राहिले तर पुढच्या वर्षीही कुणीतरी आवळा घेऊन दारात येईल आणि आपण हसतमुखाने कोहळा काढून देऊ.

भीक नको, हवे घामाचे दाम!