उशी, लेजर आणि दुपारी 2 ते 4

नोकरी करणाऱ्याला रजा मागावी लागते. फ्रीलान्सरला ती न मागताच मिळते, म्हणजे बाकीचे सगळे मिळून देऊन टाकतात! नोव्हेंबरात पप्पांची बायपास ठरली, तेव्हा बेंगळुरूच्या भावाला मोजून पाच दिवस मिळाले, वहिनीचं अप्रेझल होतं. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. ‘‘तुझं काय, लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू!’’ पुण्यातला फ्लॅट बंद केला, दोन चार्जर घेतले आणि मी अमळनेरला. सोबत एक एक्सेल शीट. औषधं, डाएट, वॉक, सगळं कलर कोडेड. हसू नका, तेव्हा मला तो प्लॅन जबरदस्त वाटला होता.

ऑपरेशन नाशिकला झालं. तिथून धुळ्यावरून अमळनेर, एरवी गप्पा मारत संपणारा रस्ता. पण मागच्या सीटवर छातीशी उशी कवटाळून 63 वर्षांचे वडील बसलेले असले की, महाराष्ट्रात किती स्पीडब्रेकर आहेत ते कळतं. ही उशी म्हणजे बायपासवाल्यांचं खरं आयकार्ड. छातीचं मधलं हाड कापून परत स्टीलच्या तारेनं बांधलेलं असतं. ते जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे, पूर्ण पक्कं व्हायला तीनेक महिने. तोवर खोकला आला, शिंक आली की उशी घट्ट दाबायची. हातावर जोर देऊन उठायचं नाही, जड उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही. पायातली शीर काढून हृदयाला लावायची ही पद्धत रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जननं 1967 मध्ये अमेरिकेत रुजवली. म्हणजे ऑपरेशन आता तसं जुनं, रोजचं झालंय. घरी आल्यावर काय करायचं, ते मात्र प्रत्येक घर नव्यानं शिकतं.

आमच्या घरानं पहिला आठवडा चहा करण्यात घालवला. खान्देशात आजारी माणसाला ‘बघायला जाणं’ हे कर्तव्य असतं, त्याला वेळ नसते. येणारा ‘‘कसं काय शे भाऊ?’’ म्हणत खुर्ची ओढणार, टाके बघायला मागणार आणि मग त्याच्या ओळखीतले कोण कोण बायपासनंतर ‘गेले’ ते तपशीलवार सांगणार. पप्पा ऐकून घेणार आणि रात्री छताकडे बघत जागे राहणार. एका रविवारी मी मोजले, आईनं 23 कप चहा केला. त्यातच कुणीतरी प्रेमानं झणझणीत शेवभाजीचा डबा आणलेला, वर बोटभर तर्री!

आईनं दुसऱ्याच दिवशी दारावर खडूनं लिहिलं, ‘भेटण्याची वेळ सायं. 5 ते 6. दुपारी 2 ते 4 कृपया बेल वाजवू नये.’ गल्लीत खळबळ. आत्या तर फणकारलीच, ‘‘भाऊले भेटाले टाइम लागस का?’’ आठ दिवस आली नाही. आईनं पाटी पुसली नाही. मला माझी आई त्या दिवशी नव्यानं आवडली.

आता चूक कुठे झाली ते सांगते. पाहुण्यांची नाही, माझी.

साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर होते. इथे वाढलेल्या पोरांना सेवा शिकवावी लागत नाही, ती डोक्यात बसलेलीच असते. मी पप्पांना पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू दिला नाही. गोळी मी देणार, चप्पल मी सरकवणार, टीव्हीचा रिमोटही मीच दाबणार. त्यांनी काही म्हटलं की, ‘‘पप्पा, तुम्ही फक्त आराम करा!’’ एक्सेल शीट हिरवीगार. पप्पा मात्र दिवसेंदिवस गप्प.

बाराव्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी आलं की सगळं घर धावतं आणि तीस वर्षं ते काम पप्पांचं. आई एकटी बादल्या ओढत होती. मी रात्री तीनपर्यंत एका क्लायंटची डेडलाइन गाठत बसलेली, उठले तर पप्पा मोरीत, हात बादलीच्या कडीला! मी ओरडले. लहान मुलावर ओरडावं तसं. त्यांनी कडी सोडली, खोलीत जाऊन उशी छातीशी धरली आणि रडायला लागले. बँकेत आयुष्य काढलेला, पोरीच्या पाठवणीतही न रडलेला माणूस (पाठवणी आत्याच्या मुलीची, माझी नाही, घाबरू नका).

फोनवर फिजिओथेरपिस्ट शांतपणे म्हणाली, ‘‘रडू येणं, चिडचिड, झोप न लागणं, हे बऱ्याच पेशंटना होतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. नाही झालं तर सांगा, त्यावरही उपचार आहेत. बादली नकोच. पण काहीतरी काम द्या त्यांना.’’ डिस्चार्जच्या कागदावर टाक्यांबद्दल दहा ओळी होत्या, या बाबतीत एकही नव्हती.

बँकवाल्याला काय काम देणार? मी माझी शीट डिलिट केली आणि एक लांब वही त्यांच्यासमोर ठेवली. तासाभरात पट्टीनं रेघा मारून लेजर तयार! सकाळचं वजन (दोन दिवसांत एक-दीड किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय, डॉक्टरांना कळवायचं), बीपी, गोळ्या, किती मिनिटं चाललो. श्वासाच्या व्यायामाचं ते तीन गोट्यांचं खेळणं असतं ना, त्याचाही हिशोब. तीन दिवसांनी त्यांनी माझीच चूक काढली. मी रात्रीची गोळी सकाळच्या डबीत भरली होती. हे सांगताना चेहऱ्यावर काय आनंद! मेथी निवडणं, शेंगा सोलणं हीसुद्धा कामं त्यांच्याकडे गेली. आईला नुसतं सांगत बसायची सोय झाली, ती तिनं पुरेपूर वापरली.

आणि शेजारचे काका. ते एकदाही बघायला आले नव्हते, मला रागच होता. एका सकाळी फाटकापाशी उभे, ‘‘चाल रे.’’ बस्स. दोघं कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले. मग पुढच्या चौकापर्यंत. वाटेत कापसाचा भाव, थंडी आणि यंदाचं भरीत, यापलीकडे विषय नाही. ‘आते कसं वाटस?’ हा प्रश्न त्या माणसानं पप्पांना एकदाही विचारला नाही. पाचव्या आठवड्यात लेजरमध्ये नोंद आली, ‘30 मिनिटे, न थांबता.’ खाली दोन रेघा, बँकेत टोटलखाली मारतात तशा.

माझ्या हातून त्या महिन्यात एक क्लायंट गेला, खोटं कशाला बोलू. भावाला मी सरळ सांगितलं की, पुढची रजा तुझी, आणि ‘ऑनलाइन फळं पाठवली’ हे हजेरीत धरलं जाणार नाही. तो आला. आठ दिवस राहिला. पहाटे बादल्या त्यानं भरल्या, पप्पांनी मोरीच्या दारात उभं राहून नळ कधी बंद करायचा ते सांगितलं.

मी पुण्याला निघाले तेव्हा दीड महिना झाला होता. पप्पांनी माझी सॅक उचलली नाही, पण डब्याची पिशवी कुणाला देईनात. 5 ते 6 ची ओळ एव्हाना पुसली होती, आत्याही यायला लागली होती. खालची ओळ मात्र तशीच, वर नवा खडू फिरवलेला. मी विचारलं, ‘‘आता कशाला? पप्पा तर दुपारी पेपर वाचत बसतात.’’

‘‘त्यांच्यासाठी नाहीये ती,’’ आई म्हणाली आणि दार लोटून आत झोपायला गेली.