कथिलाचे मीठ, तेजाब आणि गलाईवाल्यांची फुप्फुसे

कथील म्हटले की घरातल्या जुन्या माणसांना कल्हई आठवते. पितळेच्या पातेल्याला आतून कथिलाचा मुलामा असला की आंबट आमटी कळकत नाही, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. त्यामुळे हा धातू आपल्याकडे विश्वासाचा मानला जातो. पण धातू निरुपद्रवी असला म्हणजे त्याचे प्रत्येक संयुग निरुपद्रवी असते, असे नाही. हा फरक सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या ज्या हजारो कुटुंबांना माहीत असायला हवा, ती आहेत गलाई व्यावसायिकांची कुटुंबे.

सांगलीतील खानापूर-विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्यातील माण, खटाव हा पावसाच्या सावलीतला पट्टा. शेतीवर भागेना म्हणून इथली माणसे सोने-चांदी गाळण्याचे काम शिकली आणि देशभर पसरली. केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत सराफ बाजाराच्या गल्लीत मराठी बोलणारा गलाईवाला हमखास भेटतो. या पैशावर गावाकडे घरे उभी राहिली, विहिरी खोदल्या गेल्या, मुले शिकली. या कष्टांचा अभिमान योग्यच आहे. मात्र भट्टीजवळ बसणाऱ्याच्या छातीचा, डोळ्यांचा आणि हातांचा हिशेब या जमाखर्चात कधी धरला गेला नाही.

जुने दागिने किंवा सराफाच्या दुकानातली धूळ शुद्ध करताना अनेक ठिकाणी आम्लराज वापरतात. एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र केले की सोनेसुद्धा विरघळते. मग द्रावणातून सोने खाली बसवतात. सगळे सोने खाली आले की काही द्रावणातच राहिले, हे पाहण्यासाठी स्टॅनस क्लोराइड हे कथिलाचे पांढरे, स्फटिकी मीठ कामी येते. गाळण कागदावर द्रावणाचा थेंब टाकायचा, त्यावर या मिठाच्या द्रावणाचा थेंब सोडायचा. जांभळा-काळपट डाग उमटला तर सोने शिल्लक आहे. सतराव्या शतकातील आंद्रेआस कासियस या युरोपीय वैद्याच्या नावाने हा जांभळा रंग ओळखला जातो. रिचर्ड झिगमोंडी यांनी तो सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो हे उलगडले. त्यांना १९२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते कलिल द्रावणांवरील अशाच कामासाठी. हेच मीठ कथिलाचा विद्युत मुलामा देताना, आरशाच्या काचेवर चांदी चढवण्याआधी आणि कापड छपाईतही वापरले जाते.

कामाचे असले तरी हे मीठ आम्लधर्मी आणि दाहक आहे. कातडीवर पडले तर जळजळ होते. वारंवार संपर्क आला तर काहींना त्याची अ‍ॅलर्जी जडते आणि मग थोडासा स्पर्शही खाज-पुरळ उठवतो. डोळ्यात गेल्यास इजा गंभीर होऊ शकते. पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, जुलाब होतात. त्याची भुकटी हुंगली तर नाक-घसा चुरचुरतो. शिवाय त्याचे द्रावण बहुधा तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात केलेले असते, म्हणजे बाटली उघडताच आम्लाची वाफ आलीच.

सगळी कथील संयुगे एका मापाने मोजता येत नाहीत. दातांच्या काही पेस्टमध्ये कथिलाचे फ्लोराइड असते आणि ते योग्य प्रमाणात उपयोगी ठरते. याउलट १९५४ मध्ये फ्रान्समध्ये गळवांवर दिलेल्या ‘स्टालिनॉन’ या औषधातील सेंद्रिय कथील संयुगाने सुमारे १०० जणांचा जीव घेतला. अमेरिकेतील कामगार सुरक्षा नियमांनुसार कामाच्या जागी हवेच्या एका घनमीटरमध्ये असेंद्रिय कथील २ मिलिग्रॅमपर्यंत चालते, सेंद्रिय कथील मात्र ०.१ मिलिग्रॅमच. एकाच धातूसाठी वीसपट फरक! म्हणून दुकानदाराकडून ‘कथिलाची पावडर’ एवढेच ऐकून पुडी घेणे धोक्याचे आहे. पूर्ण नाव आणि सुरक्षिततेचे माहितीपत्रक मागून घेतलेच पाहिजे.

मात्र गलाईच्या खोलीत या मिठापेक्षाही मोठा धोका त्याच्या शेजाऱ्यांचा आहे. नायट्रिक आम्लात, म्हणजे तेजाबात, धातू विरघळताना तांबूस धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत तो खाली साचतो. त्याचा फसवेपणा असा की धूर छातीत गेल्यावर थोडा खोकला येतो, मग बरे वाटते. माणूस जेवतो, झोपतो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरू लागते आणि श्वास अडकतो. काम आणि मुक्काम एकाच खोलीत असेल तर हा धोका आणखी वाढतो. नाकाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क हा वायू अडवत नाही. त्यासाठी आम्लवायू शोषणारी डबी असलेला मुखवटा लागतो आणि त्याहीआधी धूर बाहेर ओढणारा पंखा आणि धुराडे.

‘इतकी वर्षे करतोय, काही झाले नाही’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. ते पूर्ण खरे नाही. ज्यांना काही झाले ते गावी परतले आणि त्यांचा खोकला विडीच्या किंवा वयाच्या नावावर जमा झाला. दुसरे उत्तर खर्चाचे. पण इथे सुरक्षितता आणि नफा एकाच बाजूला आहेत. स्टॅनस क्लोराइड हवेने खराब होते, द्रावण गढूळ होते आणि मग ते सोने असूनही जांभळा डाग दाखवत नाही. द्रावणात नायट्रिक आम्ल जास्त उरले असेल तरीही परीक्षा फसते. अशा वेळी ‘सोने संपले’ म्हणून फेकलेल्या पाण्याबरोबर सोनेच गटारात जाते. थोडेच द्रावण करणे, ते गडद रंगाच्या थेंब-बाटलीत कथिलाचा एक तुकडा टाकून ठेवणे, त्यावर नाव आणि तारीख लिहिणे, वापरण्याआधी सोने असलेल्या थेंबावर पडताळून पाहणे, ही शिस्त सोनेही वाचवते आणि माणूसही.

बाकी नियम फार अवघड नाहीत. रसायन पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही ठेवू नये. स्टॅनस क्लोराइडची बरणी नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडपासून दूर असावी, कारण त्यांच्यात जोरदार अभिक्रिया होते. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे. चष्मा आणि रसायनाला टिकणारे हातमोजे असावेत. त्या खोलीत खाणे-पिणे नको. डोळ्यात उडाले तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि लगेच दवाखाना गाठावा. कातडीवर सोडा चोळू नये, पाणीच वापरावे. पोटात गेल्यास उलटी करवू नये. तांबूस धूर छातीत गेलेल्याला बरे वाटत असले तरी मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे आणि रसायनाचे नाव डॉक्टरांना सांगावे. उरलेले द्रावण गटारात ओतणे हा उपाय नाही. ते सौम्य करून धोकादायक कचऱ्याच्या नियमांप्रमाणेच त्याची विल्हेवाट लावायला हवी.

हे सारे एकट्या कामगारावर सोडणे अन्यायाचे आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेचा वापर असेल तर किमान १० आणि नसेल तर २० कामगारांची अट घातली. चार-पाच माणसांची गलाईची दुकाने तिथेच कायद्याच्या नजरेतून निसटली. १८ वर्षांखालील मुलांना धोकादायक कामावर ठेवण्यास बंदी आहे, पण ‘भाचा काम शिकायला आलाय’ म्हटले की प्रश्न मिटतो. म्हणून पहिली जबाबदारी दुकानाच्या मालकांची आणि गलाई व्यावसायिकांच्या संघटनांची. गावच्या मंदिरासाठी वर्गणी काढणाऱ्या या संघटित समाजाला प्रत्येक दुकानात एक धुराडे आणि एक सूचनाफलक बसवणे जड नाही.

दुसरी जबाबदारी आरोग्य यंत्रणेची. दिवाळीला आणि गावच्या जत्रेला गलाईवाले घरी येतात. त्या आठवड्यात विटा, आटपाडी, दहिवडी, वडूज भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांनी फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी ठेवली, तर देशभर विखुरलेला हा कामगार एका जागी सापडेल. मिरजेसारखी वैद्यकनगरी आणि तिथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हाताशी असताना हे अशक्य नाही. आणि शिबिराची वाट न पाहता आजपासून करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. खोकला घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाला डॉक्टरांनी वय आणि व्यसनाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: काम काय करता, आणि कशाच्या धुरात?