फटफटी, पिस्टन आणि ‘नाळे बा’

१९९० नंतरच्या काही वर्षांत बंगळुरूच्या अनेक वस्त्यांमध्ये घरांच्या दारांवर ‘नाळे बा’ असे दोन कानडी शब्द लिहिलेले आढळत. त्यांचा अर्थ ‘उद्या ये’. रात्री एक भूत घरोघर फिरते, आप्ताच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडणाऱ्याचा घात करते, अशी वदंता त्या वेळी उठली होती. दारावरची अक्षरे वाचून ते भूत निमूटपणे माघारी जाते, दुसऱ्या रात्री येते आणि पुन्हा तीच अक्षरे वाचून परतते, असा लोकांचा समज होता. युक्ती मोठी गमतीची खरी. पण गेल्या वर्षी त्याच शहरातील एका गॅरेजच्या दारात वारंवार उभे राहण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्या बिचाऱ्या भुताविषयी मला प्रथमच सहानुभूती वाटली.

माझे थोरले बंधू नोकरीनिमित्त बंगळुरूस स्थायिक झाले होते. १९८४ साली त्यांनी एक येझदी फटफटी घेतली आणि अखेरपर्यंत ती जिवापाड सांभाळली. त्यांच्या पश्चात ती सात वर्षे पडवीत झाकून ठेवलेली होती. ती पुन्हा चालती व्हावी आणि पुतण्याने ती वापरावी, असे वहिनींच्या मनात आले. घराजवळच्या एका गॅरेजवाल्याने इंजिन खोलले. सिलिंडर झिजला आहे, तो बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागेल, असे त्याने सांगितले. चार हजार रुपये आगाऊ घेतले. पावती त्याने दिली नाही आणि आम्हीही ती मागितली नाही.

त्यानंतर ‘स्पेअर सिगल्ला, नाळे बन्नि’ हे पालुपद सुरू झाले. भाग मिळत नाही, उद्या या! भुताला नुसते ‘बा’. आम्हाला मात्र आदरार्थी ‘बन्नि’. फरक काय तो एवढाच. पाहता पाहता दोन महिने लोटले. शेवटी वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, गाडी चालली नाही तरी चालेल, पण तिचे सुटे तुकडे तरी घरी आणा. ह्यांची वस्तू अशी रस्त्यावर पडलेली पाहवत नाही.”

येथे गॅरेजवाल्याची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. ही गाडी तयार करणारा आयडियल जावा हा म्हैसूरचा कारखाना. चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या सहकार्याने १९६० च्या सुमारास तो उभा राहिला. १९७३ पासून त्याच्या गाड्या येझदी या नावाने निघू लागल्या आणि १९९६ मध्ये तो बंद पडला. २०२२ मध्ये येझदी हे नाव पुन्हा बाजारात आले खरे, पण त्या गाड्यांची इंजिने सर्वस्वी निराळी असल्याने त्यांचे भाग जुन्या गाड्यांच्या कामाचे नाहीत. तेव्हा जुन्या येझदीचा भाग मिळणे सोपे नाही, हे गॅरेजवाल्याचे म्हणणे मुळीच खोटे नव्हते.

तथापि ‘भाग मिळत नाही’ या एका वाक्यात दोन अगदी भिन्न अर्थ दडलेले असू शकतात. एक, भाग शोधला पण मिळाला नाही. आणि दुसरा, भाग शोधलाच नाही. पहिल्यात अडचण असते, दुसऱ्यात हयगय. गिऱ्हाइकाला दोन्ही उत्तरे सारखीच ऐकू येतात आणि सारा घोटाळा तेथेच होतो.

पुतण्या आणि मी एका शनिवारी सिलिंडरचे माप घेऊन जयचामराजेंद्र रस्त्यावर गेलो. सारे शहर याला जे. सी. रोड म्हणते, आणि वाहनांच्या सुट्या भागांचा हा जुना बाजार आहे. तिसऱ्याच दुकानात एका वृद्ध गृहस्थांनी माळ्यावरून पिस्टन आणि रिंगांचा जोड काढून दिला. जाताना एक मोलाची गोष्टही त्यांनी सांगितली. मोठ्या मापाचे पिस्टन ठरावीक टप्प्यांनी वाढत्या आकाराचे असतात, म्हणून पिस्टन हाती आल्यावरच त्याच्या मापाने सिलिंडर बोअर करावा. आधी बोअर केले आणि त्या मापाचा पिस्टन मिळाला नाही, तर सिलिंडरच वाया जाण्याची वेळ येते. आमचा सिलिंडर सुदैवाने अजून तसाच पडून होता.

पिस्टन घेऊन आम्ही गॅरेजात गेलो, तेव्हा ‘बाहेरचा भाग मी बसविणार नाही’ असे उत्तर मिळाले. गाडी परत मागितली, तर दोन महिन्यांच्या जागाभाड्याचे म्हणून सहा हजार रुपये मागण्यात आले. पुतण्याचा संताप अनावर झाला. पण शब्दाने शब्द वाढविण्यापेक्षा कायदा काय म्हणतो ते पाहावे, असे मी सुचविले.

दुरुस्तीसाठी सोपविलेली वस्तू ही कायद्याच्या भाषेत ‘निक्षेप’ होय. मालकी आपलीच राहते, ताबा तेवढा कारागिराकडे जातो, आणि शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी त्याने तिची घ्यावी, असे १८७२ चा भारतीय करार अधिनियम सांगतो. त्याच अधिनियमाच्या १७० व्या कलमाने कारागिरालाही संरक्षण दिले आहे. केलेल्या श्रमाचे आणि कौशल्याचे मोल मिळेपर्यंत तो वस्तू अडवून ठेवू शकतो. कलमाखाली हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचा दाखला दिलेला आहे: मजुरी मिळेपर्यंत त्याने हिरा आपल्याजवळ ठेवावा. हा हक्क केलेल्या कामापुरता आहे. कधी न ठरलेल्या जागाभाड्यासाठी दुसऱ्याची वस्तू अडवून धरण्याची मुभा त्यात नाही.

या आधारे पुतण्याने कानडीत एक सौम्य पत्र लिहिले. त्यात तीनच प्रश्न होते: कोणते भाग लागणार आहेत? ते कोणत्या तारखेस आणि कोणाकडे मागविले? आजवर काय काम झाले आणि त्याची मजुरी किती? आठ दिवसांत उत्तर मिळावे, अशी विनंती करून पत्र स्पीड पोस्टाने धाडले. सहाव्या दिवशी ‘गाडी घेऊन जा’ असा निरोप आला. इंजिन खोलण्याची मजुरी म्हणून पंधराशे रुपये ठेवून घेऊन उरलेली आगाऊ रक्कमही परत मिळाली.

हा आपला विजय झाला, असे आम्हास वाटले. घरी पोते सोडून पाहिले, तो मूळ कार्ब्युरेटर नाहीसा होऊन त्याच्या जागी दुसराच एक जुनाट कार्ब्युरेटर आलेला! विचारणा केली असता ‘गाडी आली तेव्हा हाच होता’ असे गॅरेजवाल्याने शांतपणे सांगितले. हे खोटे आहे हे आम्हास ठाऊक होते. पण सिद्ध कशाने करणार? गाडी सोपविताना ना यादी केली होती, ना छायाचित्र काढले होते. बंधूंनी दर रविवारी स्वतःच्या हाताने साफ केलेला तो कार्ब्युरेटर कायमचा गेला. कायदा आमच्या बाजूस होता, पण पुरावा नव्हता. आणि त्याचा दोष आमच्याकडेच होता.

आपल्या वाचकांवर असा प्रसंग येऊ नये म्हणून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. वाहन सोपविताना कामाचा कागद करून घ्यावा. त्यावर वाहनाची स्थिती, इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक, ठरलेले काम, अंदाजी खर्च आणि परत देण्याची तारीख असावी. मोबाइल फोनवर चारी बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत. काढलेले जुने भाग आणि नव्या भागांची वेष्टने मागून घ्यावीत. अशा वेष्टनांवर उत्पादकाचे नाव व कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे सक्तीचे आहे. आणि रक्कम कितीही लहान असो, पावती घ्यावी.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार बिल किंवा पावती न देणे, तसेच जुना वा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून देणे, या अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. समजुतीने वाद मिटला नाही, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे तक्रार नोंदविता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण जेथे राहतो तेथील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. नव्या वाहनांच्या मालकांसाठी केंद्र शासनाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘दुरुस्तीचा अधिकार’ हे संकेतस्थळ सुरू केले. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला सहज मिळावी, हा त्याचा हेतू आहे.

आमची येझदी पुढे दुसऱ्या एका कारागिराने दुरुस्त केली. त्यालाही तीन आठवडे लागले, एक भाग शोधण्यात त्याचेही चार दिवस गेले. पण काय अडले आहे ते तो दर खेपेस फोन करून सांगत असे. त्याने दिलेला कामाचा कागद वहिनींनी गाडीच्या जुन्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवला आहे. पुतण्याने पहिली खेप त्यांनाच मागे बसवून केली. परत आल्यावर त्या म्हणाल्या, “आवाज थोडा वेगळा येतो, पण गाडी तीच आहे.”

आता कोणी ‘नाळे बन्नि’ म्हटले, की पुतण्या खिशातून पेन काढतो आणि अदबीने विचारतो, “उद्या म्हणजे किती तारीख?” त्या भुताला हा प्रश्न कधी सुचला नाही, म्हणून त्याला रोज परत जावे लागले.