खेळणाऱ्यांनी लिहायचं नाही म्हणे!

"खेळणाऱ्यानं खेळावं आणि लिहिणाऱ्यानं लिहावं." हे वाक्य गेल्या काही महिन्यांत मला इतक्या जणांनी ऐकवलंय की आता पाठ झालंय. कॉलेजातल्या बाईंनी, एका दैनिकाच्या उपसंपादकांनी आणि (मामा, रागावू नका हं!) आपल्याच घरातल्या मोठ्यांनी. मी टीवायला आहे, कॉलेजच्या संघातून खो-खो खेळते आणि मला क्रीडा पत्रकार व्हायचंय. सगळ्यांचा सल्ला एकच: आता मैदान पुरे, अभ्यासाकडे बघ. मंडळी, हा सल्ला मला साफ अमान्य आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. खेळल्याशिवाय खेळावर लिहिता येत नाही, असं माझं मुळीच म्हणणं नाही. द्वारकानाथ संझगिरी मुंबई महापालिकेत इंजिनिअर होते, आणि त्यांच्या लेखांवर आपल्या घरातल्या दोन पिढ्या क्रिकेट शिकल्या. पण बाळ ज. पंडित महाराष्ट्राकडून रणजी खेळले होते आणि त्यांच्या मराठी समालोचनाने क्रिकेट घराघरांत नेलं, हेही खरंच ना? मग दार दोन्ही बाजूंनी उघडं ठेवा की!

आता आपल्याकडची स्थानिक स्पर्धेची बातमी आठवा. उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं, व्यासपीठावर कोण होतं, आभार कोणी मानले... शेवटच्या दोन ओळींत निकाल. बहुतेक वेळा ही बातमी आयोजकांच्या प्रसिद्धिपत्रकातून उचललेली असते. गेल्या वर्षी एका दैनिकात मी महिनाभर शिकायला जात होते. आंतरमहाविद्यालयीन खो-खोच्या अंतिम सामन्यावर तीनशे शब्द लिहून दिले. छापून आल्या पाच ओळी. त्यात प्रमुख पाहुण्यांचं नाव होतं, सामना जिंकून देणाऱ्या मुलीचं नव्हतं.

खो-खोच्या बातमीत कंसात येतं, "2.40 मि. संरक्षण". वाचणारा पुढे सरकतो. पण त्या दोन मिनिटं चाळीस सेकंदांत काय घडलं? पाठलाग करणारीनं एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत तिला उलटं फिरता येत नाही. संरक्षण करणारीची सगळी कला समोरचीला चुकीच्या बाजूला वळायला लावण्यात आहे. ती खांद्याने एकीकडे जाते आणि पायाने दुसरीकडे. हे माझ्या गुडघ्यांना माहीत आहे म्हणून माझ्या डोळ्यांना दिसतं. न खेळलेल्यालाही दिसेल, पण त्यासाठी त्याला मैदानाच्या कडेला बरेच दिवस बसावं लागेल. तेवढा वेळ सध्या कुठला संपादक देतो?

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं, मुलांनी 54-36 असं. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे! पेढे वाटले, अभिनंदनाचे फलक लागले. पण शाळेत खो-खो खेळलेल्या माझ्या मावशीनं विचारलं, "अगं, खो-खोत 78 गुण होतात कसे?" नव्या पद्धतीत एक गडी बाद केला की एकापेक्षा जास्त गुण मिळतात, एवढं साधं उत्तर होतं. मी वाचलेल्या बातम्यांत मात्र ते सापडलं नाही.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी झाली. शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या कुस्तीत चीतपटीच्या निर्णयावरून वाद पेटला आणि राक्षेनं पंचांना लाथ मारली. ते वाईटच, त्याबद्दल दुमत नाही. पण पुढे दिवसभर टीव्हीवर लाथच फिरत राहिली. चीतपट कधी धरतात, दोन्ही खांदे टेकले की नाही हे पंच कुठून बघतात, दाद मागायची सोय कशी असते, हे आखाड्यात अंग मळवलेल्या एखाद्या मुलानं दहा ओळींत समजावलं असतं. तशी मुलं आपल्याकडे ढिगानं आहेत. त्यांना लिहायला कोणी सांगत नाही, इतकंच.

"खेळाडू पक्षपाती असतो," हा उपसंपादकांचा मुद्दा. बरं, मग प्रसिद्धिपत्रक निःपक्षपाती असतं का? माझ्यापुरता नियम मी ठरवलाय: माझ्या कॉलेजच्या आणि क्लबच्या सामन्यावर मी बातमी लिहिणार नाही. आणि निवड चाचणीत नेमकं काय होतं, प्रवासभत्ता कुठे अडकतो, मुलींना कपडे बदलायला खोली का नसते, हे प्रश्न कोणाला विचारायचे ते मला ठाऊक आहे. कारण ते सगळं मी सोसलंय.

आता कॉलेजचं. स्पर्धेला गेलं की गैरहजेरी लागते, आणि 75 टक्के हजेरीसाठी मी वर्गावर्गांतून अर्ज घेऊन फिरते. 1952 मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जाता यावं म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले होते. आमच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवावं असं कोण म्हणतंय? :-) एक सही पुरे.

पत्रकारितेच्या वर्गात मी बातमीचा मथळा शिकते, आणि मैदानावर त्या मथळ्याखाली काय असायला हवं ते. दोन्हींतलं एक सोड म्हणणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी पेपरात गावच्या स्पर्धेची बातमी आली की पेन घेऊन बसा. पाहुण्यांची नावं किती आणि खेळाडूंची किती, मोजा. मग ठरवा, मैदानावरून आलेल्यांची तिथे गरज आहे की नाही.