आधी वाचा, मग होळी करा

मुलांच्या हातातील चित्रकथा आणि विज्ञानकथा पाहून आमच्या धर्मग्रामातील काही पालक अस्वस्थ झाले आहेत. यंत्रमानव, परग्रहवासी आणि आकाशात उडणारे वीर यांच्या नादी लागून मुले देवाधर्माला पारखी होत आहेत, सबब ही पुस्तके धर्मग्रामाच्या वाचनालयातून काढावीत आणि प्रवचनातून आम्ही चार खडे बोल सुनवावेत, अशी त्यांची मागणी आहे. आपण ही पुस्तके वाचली आहेत काय, असे आम्ही विचारले. कुणीच वाचली नव्हती. ती वाचण्याच्या लायकीचीच नाहीत, असे उत्तर मिळाले!

या उत्तराची वंशावळ जुनी आहे आणि दुर्दैवाने ती आपल्याच घरातून जाते. डिसेंबर १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे सेंट पॅट्रिक या कॅथलिक शाळेच्या मुलांनी घरोघर फिरून सुमारे २,००० चित्रकथा गोळा केल्या आणि शाळेच्या अंगणात त्यांची होळी केली. जर्मनीतील पुस्तकांच्या होळीला तेव्हा उणीपुरी १५ वर्षे झाली होती.

१९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्दम यांनी ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ या ग्रंथात बालगुन्हेगारीचे खापर चित्रकथांवर फोडले. माणूस दुष्ट नव्हता. हार्लेममधील गोरगरीब कृष्णवर्णीयांसाठी एका चर्चच्या तळघरात त्यांनी दवाखाना चालविला होता. परंतु मुलांची निवेदने त्यांनी सिद्धान्ताला सोयीची होतील अशी कापली आणि जोडली, हे संशोधिका कॅरल टिली यांनी त्यांचीच कागदपत्रे तपासून २०१२ साली दाखवून दिले. प्रकाशकही काही साधुसंत नव्हते. स्त्रीचे तुटलेले मुंडके दाखविणारे मुखपृष्ठ भयकथेच्या मानाने सुरुचीला धरूनच आहे, असे ‘ईसी कॉमिक्स’चे विल्यम गेन्स यांनी सिनेटच्या समितीला बेधडक सांगितले. तसले चित्र आम्हीही मुलांच्या हाती देणार नाही. त्या गदारोळात घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ नावाची आचारसंहिता लादून घेतली.

आणि तिच्या चाळणीत काय अडकले? याच गेन्स यांनी १९५३ साली ‘जजमेंट डे’ ही विज्ञानकथा छापली होती. पृथ्वीवरील एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहाची पाहणी करण्यास जातो. तेथे नारिंगी आणि निळे असे दोन वर्ग आहेत. यंत्रे एकाच बनावटीची, फरक केवळ वरच्या आवरणाचा. तरी निळ्यांची वस्ती निराळी आणि संधी कमी. हा ग्रह आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात येण्यास अद्याप पात्र नाही, असा निर्णय देऊन तो परत निघतो. शेवटच्या चित्रात तो हेल्मेट काढतो आणि कळते की, तो कृष्णवर्णीय आहे. १९५६ साली ही कथा पुन्हा छापण्याचे ठरले, तेव्हा आचारसंहितेचे प्रशासक, माजी न्यायाधीश चार्ल्स मर्फी यांनी हरकत घेतली: अंतराळवीर काळा चालणार नाही. प्रकरण वर्तमानपत्रांत नेण्याची धमकी मिळाल्यावर, निदान त्याच्या कपाळावरचा घाम तरी पुसा, असा आग्रह त्यांनी धरला, असे लेखक अल फेल्डस्टाइन यांनी पुढे सांगितले. गेन्स यांनी कथा जशीच्या तशी छापली. ‘ईसी’चे ते शेवटचे कॉमिक्स ठरले.

एकाच बाप्तिस्म्याच्या पाण्यातून आलेली आपली कुटुंबे सोयरीक जुळविताना पहिला प्रश्न कोणता विचारतात, हे आम्ही येथे लिहिण्याची गरज नाही. त्या नारिंगी-निळ्या यंत्रमानवांची ओळख आमच्या मुलांना न झालेली बरी, असे कुणाला वाटत असेल तर त्याचे कारण आम्ही समजू शकतो.

सुदैवाने ख्रिस्तसभेने केवळ काडीच लावली असे नाही. १९४६ पासून १९७२ पर्यंत अमेरिकेतील कॅथलिक शाळांतून ‘ट्रेझर चेस्ट’ ही चित्रकथांची पत्रिका वाटली जात असे. १९६४ साली तिने बेरी रीस यांनी लिहिलेली आणि जो सिनॉट यांनी चितारलेली एक मालिका क्रमशः छापली. काळ १९७६ चा, म्हणजे तेव्हाच्या भविष्यातला. पेटिग्र्यू नावाचा गव्हर्नर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडतो आहे आणि त्याचा चेहरा वाचकाला अखेरपर्यंत दिसत नाही. अखेरीस दिसतो, तो कृष्णवर्णीयाचा. बराक ओबामा निवडून आले ते २००८ साली!

आम्ही स्वतः ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या पिढीतले. गादीखालचा वेताळ आमच्या वरिष्ठांनी जप्त केला तो अभ्यासाचा वेळ वाया जातो म्हणून. अरण्यातील काळी माणसे पिढ्यान्‌पिढ्या एका गोऱ्या वीराचा शब्द प्रमाण का मानतात, हा खरा आक्षेपार्ह प्रश्न त्यांनी विचारला नाही. आम्हालाही तो फार उशिरा सुचला. जप्त केलेले पुस्तक त्यांनी उघडले असते, तर त्यावर एखादा उत्तम तास झाला असता.

तक्रारीत नावे असलेली तीन पुस्तके वाचनालयातून आणून आम्ही आमच्या टेबलावर ठेवली आहेत. एक वाचून झाले. त्यातील हाणामारी आम्हाला कंटाळवाणी वाटली, तसे आम्ही मुलांनाही सांगितले. उरलेली दोन तक्रारदारांनी रविवारच्या मिस्सानंतर घरी न्यावीत, शेवटच्या पानापर्यंत वाचावीत आणि मग आमच्याकडे यावे. तोवर कपाट उघडे राहील.