दम कुणाचा मोजता?

मेंदू निर्णय कसा घेतो, हे सांगणाऱ्या पुस्तकांचं सध्या पीक आलंय. फुटपाथवर ढीग लागलेत. मी वाचतो. दोस्तांनो, तुम्हीही वाचा. विज्ञान कुणाच्या बापाची इस्टेट नाही. पण वाचताना डोकं गहाण ठेवू नका.

या पुस्तकांचा एक लाडका दाखला आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस प्रयोग सुरू केले. पोरापुढं खाऊ ठेवायचा. आत्ता खाल्लास तर एक, थांबलास तर दोन. थांबलेली पोरं पुढं परीक्षेत चमकली, असं नंतर दिसलं. झालं! पुस्तकवाल्यांनी डंका पिटला : मन मारा, मोठे व्हा. म्हणजे गरीब गरीब का? तर त्याला दम निघत नाही म्हणून! आमच्या आज्या जन्मभर दमच काढत आल्या. त्यांना दुसरा खाऊ कुणी दिला?

२०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी साधी गोष्ट तपासली. काही पोरांना चांगले रंग आणून देतो म्हणाले आणि आणलेच नाहीत. काहींना दिलेला शब्द पाळला. मग खाऊ मांडला. फसवलेली पोरं सरासरी ३ मिनिटं थांबली, शब्द पाळलेली १२ मिनिटं. २०१८ साली नऊशेंहून जास्त मुलांची माहिती पुन्हा तपासली. घरची परिस्थिती हिशेबात धरली, तर थांबण्याचा आणि मार्कांचा संबंध बराचसा विरून गेला.

आता आपल्या देशात या. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात सहावी-सातवीच्या पोरांना कागदावरची भूलभुलैया सोडवायला दिली. जात पुकारली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित पोरं जवळपास बरोबरीत. सगळ्यांसमोर जात पुकारली आणि दलित पोरं मागं पडली. हे २००६ साली छापून आलंय. मेंदू तोच, कागद तोच. फक्त जात पुकारली. मग दोष कवटीत शोधायचा की पुकारणाऱ्याच्या तोंडात?

हा प्रयोग विमानतळावर खपणाऱ्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर येत नाही. कारण तो वाचून माणूस स्वतःला सुधारायला बसणार नाही, व्यवस्थेला जाब विचारेल.

आणि थांबणं आम्हाला शिकवता? बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात सांगितलं, हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपुरात. मधे २१ वर्षं. अभ्यास केला, धर्म तपासले, मग निर्णय. लाखो अडाणी म्हटलेली माणसं त्या शब्दावर थांबली, कारण शब्द देणारा फसवणारा नव्हता. एवढा सावकाश, एवढा जाणता निर्णय एका कवटीत मावत नसतो. तो समाज घेतो.

म्हणून पुस्तकवाल्यांनो, पोराचा दम मोजण्याआधी खाऊ देणाऱ्याचा शब्द मोजा.